मिनीबसचं बाशिंग

ये सूनबाई, अशी जवळ बस. लिहून पाठवते आहे म्हणून काय झालं, वाचताना तू समज की मी चुलीपाशी आहे आणि तू समोर पाटावर. आधी थोडी रागावून घेते, मग पुढचं. गेल्या वेळी आलीस तेव्हा गोठ्याच्या सावलीतलं ते मोठं उलटं धूड पाहून काय म्हणालीस, आठवतं? "आई, हे काय पडलं आहे? पाठीला बांबू काय, खाली कोंबड्या काय. भंगारवाल्याला देऊन टाका ना." असं बोलतात का बाई? नवीन आहेस म्हणून मी गप्प राहिले. खरं तर तुझ्या नवऱ्यानं तुला सांगायचं होतं, पण तो कशाला सांगतो! बापावर गेला आहे. घरात आग लागली तरी हे दोघं आधी पाणी पिऊन घेतील.

तर ऐक. ते धूड म्हणजे एका मिनीबसच्या तोंडाचा साचा आहे. आणि त्याच्यापायी तुझ्या नणंदेचं लग्न मोडता मोडता राहिलं.

तेव्हा कोहमाऱ्याच्या चौकात आमचं भोजनालय होतं. पुढे खाटा, मागे चूल, आणि त्याच्याही मागे टिनाचं एक रिकामं शेड. त्या शेडात मिस्त्री आला. नाव होतं त्याला, पण चौकात ते कोणी घेतलं नाही. गाव विचारलं तर एकदा म्हणाला भिलाई, एकदा म्हणाला जबलपूर, आणि तिसऱ्यांदा मी विचारलं तर चिडून म्हणाला, "भाभी, आता तुम्हीच एखादं निवडा ना."

उंच, काटकुळा, चष्म्याला कानामागून दोरी. आणि अंगभर पावडर! फायबरच्या कामात काचेची कुसं अंगात शिरतात, खाज सुटते, म्हणून तो सकाळीच हात, मान, तोंड पावडरीनं पांढरं करून घ्यायचा. लहान पोरांच्या पावडरीनं. तिचा वास आणि फायबर जमवायच्या त्या पातळ रेझिनचा उग्र वास असे दोन वास मिळून आमच्या वरणात उतरायचे. ट्रकवाले विचारायचे, "अम्मा, दाल में क्या डाला?" मी म्हणायची, लाखोरीची डाळच आहे, खा मुकाट्यानं. पहिल्या दिवशी तर तुझ्या सासऱ्यांना वाटलं, रात्रीच्या दंडारीतला कुणी सोंगाड्या रंग न पुसताच जेवायला आला. त्यांनी त्याला विचारलंही, "कोणत्या गावी होता जी खेळ?"

त्याचं जेवण म्हणजे एक सोहळा. मी भात वाढायला गेले की ताटावर हात आडवा. आधी एक वाटी मागायचा. वाटीला आतून बोटानं तूप फिरवायचं, काठापर्यंत, हळूहळू. मग त्यात भात दाबून भरायचा, वाटी ताटात पालथी घालायची, बुडावर दोनदा टिचकी मारायची आणि स्वतःलाच विचारायचं, "निघते का?" वाटी उचलली की भाताची गोल मूद. ती मूद तो चारी बाजूंनी वाकून पाहणार. एक शीत जरी वाटीला चिकटून राहिलं तरी चेहरा पडायचा. "भाभी, इथं तूप नाही पोचलं." मग भात मोडून पुन्हा पहिल्यापासून. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं, चपात्या जळताहेत, आणि हा मूद पाडतो आहे!

मी म्हटलं, "मिस्त्रीभाऊ, पोटात गेल्यावर गोल राहते का ती?"

"पोटात काय होते ते पोट जाणे," तो म्हणाला. "वाटीतून साबूत निघाली पाहिजे. माझं काम तिथपर्यंतच."

त्याचं कामही तेच होतं बघ. तू शहरातली, तुला वाटेल गाडी म्हणजे सारी लोखंडाची. मिनीबसचं पुढचं तोंड फायबरचं असतं. ते फुटलं की हा तसंच दुसरं करून द्यायचा. आधी चांगल्या तोंडावर मेण चोळायचं. मग त्यावर रेझिन आणि काचेच्या धाग्यांची चटई, थरावर थर. वाळून दगड झालं की उचकटून काढायचं. तो झाला साचा. मग साच्याला आतून मेण लावून पुन्हा तेच, की नवं तोंड तयार. सारा खेळ मेणाचा. मेण असलं तर निघतं. नसलं तर जन्माची गाठ.

त्यामुळे त्याला जगात दुसरं काही दिसायचंच नाही. भोपळा पाहिला तरी हा म्हणणार, निघते. माठ पाहिला की मान हलवणार, नाही निघत, तोंड लहान. माझं बांबूचं सूप एकदा न विचारता घेऊन गेला आणि तस्सं फायबरचं करून आणलं. काय सांगू, विणीची काडी न काडी उठली होती त्यात. मी कौतुकानं तांदूळ घेतले आणि पाखडायला पहिला झटका दिला, तर सगळे तांदूळ गुळगुळीत सुपावरून सूं करून थेट तुझ्या सासऱ्यांच्या मांडीवर. वर माझ्या मनगटाला संध्याकाळपर्यंत खाज. मी सूप त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, "पण निघालं कसं साफ, ते पाहा ना!"

माणसांनासुद्धा तो तसाच मोजायचा. एखादी वस्तू आतल्या बाजूला वळलेली असली, आकड्यासारखी, तर ती साच्यात अडकून बसते. निघतच नाही. म्हणून हेकट माणूस आला की हा माझ्या कानाशी म्हणायचा, "भाभी, याले आतून आकडा आहे. साचा फुटन पण हा नाही निघायचा." तुझ्या सासऱ्यांबद्दल म्हणाला, "दादा गोल आहेत. कुठूनही निघतात." हे मात्र खरं होतं. घरात भांडण पेटलं की हा माणूस कधी आणि कोणत्या दारानं निघून जायचा, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता लग्नाचं सांगते.

तुझ्या नणंदेचं सौंदडला जमलं. मुलगा चांगला, हिलाही मनातून आवडलेला. पण इवाई, म्हणजे तिचा सासरा, भारी करारी माणूस. मिशा अशा, की चहा पिताना आधी त्या बाजूला घ्याव्या लागत. त्याचा सारा जीव त्याच्या मिनीबसवर. साखरपुड्याला आमच्या अंगणात बसून त्यानं मुलाबद्दल एक वाक्य सांगितलं आणि गाडीबद्दल तासभर. त्यानं तशीच दुसरी गाडी विकत घेतली होती. इंजिन चांगलं, पण समोरचं तोंड कुठंतरी झाडाला आपटून पार गेलेलं.

"वरात जोडीनं येईन," तो म्हणाला. "एका गाडीत माणसं, एका गाडीत बाया. दोन्ही गाड्याईचं तोंड एकसारखं पाहिजे. नाही त लोक म्हणतीन, एक गाडी मांगून आणली."

तेवढ्यात मागच्या दारातून मिस्त्री आला. बोलावलं कोणी नव्हतं. पावडर लावून, पांढराफटक, उभा राहिला आणि म्हणाला, "तोंड मी करून देतो. दोन्ही गाड्या समोर उभ्या केल्या त मायसुद्धा ओळखणार नाही."

इवायानं त्याच्याकडे नखशिखान्त पाहिलं. "हा कोण जी?"

तुझे सासरे तोवर अंगणातून निघून गेले होते. मीच म्हटलं, "मिस्त्री आहे. कलावंत आहे."

"पाहू कला," इवाई म्हणाला. "पण सांगून ठेवतो, दोन गाड्याईची वरात म्हणून मी गावात बोलून बसलो. तोंड नाही झालं त वरात नाही. मंग दिवाळीनंतर पाहू."

दिवाळीनंतर धानाची कापणी, मग मळणी, मग एखादं नवं कारण. थांबलेल्या लग्नाला पुन्हा उठवणं किती कठीण, ते मी माझ्या बहिणीच्या वेळी पाहिलं होतं. तुझी नणंद आतून ऐकत होती. तिनं हातातला चिवड्याचा डबा इतका जोरात ठेवला की मिस्त्रीनंही मागे वळून पाहिलं. पाहुणे गेल्यावर तो तिला म्हणाला, "बेटी, माझ्या हातून तुझी वरात नाही अडायची. अडली त हा धंदा सोडून मी भाभीच्या इथं भांडी घासीन."

मी म्हटलं, नको रे बाबा, तू एकेक भांडं उपडं करून पाहत बसशील.

पहिल्यांदा काय केलं, चांगल्या गाडीचं तोंड खोलून शेडात आणलं. चौघांनी धरून आणलं, तर ते भिजलेल्या गोधडीसारखं मध्येच लोंबतंय. गाडीवर असताना कसं कडक दिसायचं! मिस्त्रीनं धानाच्या भुशाची पोती रचली, त्यावर ते तोंड पालथं निजवलं, मेण चोळलं आणि थर चढवायला लागला. जसजसे ओले थर चढले तसतसं वजन वाढलं, आणि एका बाजूचा भुसा हळूच खाली बसला. कोणाच्या लक्षात आलं नाही. साचा झाला. साच्यातून नवं तोंडही मोठ्या थाटात निघालं. नेऊन लावलं बिनतोंडाच्या गाडीला, तर काय! एका बाजूची भोकं बरोबर जुळली आणि दुसरी बाजू वीतभर खाली. एक दिवा रस्त्याकडे पाहतो, एक दिवा नालीकडे. आणि मधली जाळी अशी तिरकी, जशी काय गाडी कोणाची तरी टर उडवून हसते आहे.

इवाई आला, पाहिलं, आणि म्हणाला, "याले काय लकवा मारला का जी?"

मिस्त्रीनं कानामागची दोरी नीट केली. "चूक माझी आहे. फायबर म्हणजे सासुरवाशीण. गाडीवर कसून बसवली की सरळ, ताठ. खोलून माहेरी आणली की जशी जागा मिळन तशी लोळते. मी तिचा फोटो माहेरी काढला. सासरी काढाले पाहिजे होता."

तू हसू नकोस. तू माहेरी कशी लोळतेस ते मला काही ठाऊक नाही, मी काही म्हणतही नाही.

मग दुसरा बेत. चांगल्या गाडीचं तोंड परत गाडीवर चढवायचं, सगळे बोल्ट कसायचे, आणि गाडीवरच साचा घ्यायचा. म्हणजे गाडी शेडात उभी राहणार. लग्न तोंडावर आलेलं. इवायाच्या गाडीचा रोजचा फेरा बंद, मिशा खाली. तरी त्यानं आणून उभी केली.

मिस्त्रीनं मेण चोळलं ते मी पाहिलं आहे. अंघोळीआधी लेकराला तेल चोळतात ना, तसं. डोळे मिटून, हातानं एकेक वळण चाचपत. एक हात झाला की थांबायचा, पुसायचा, पुन्हा दुसरा हात. संपूर्ण दिवस गेला. संध्याकाळी म्हणाला, "भाभी, आता यावर माशी बसली तरी घसरन."

दुसऱ्या दिवशी सकाळी साच्याला सुरुवात. पण नारळ फोडल्याशिवाय मिस्त्री साच्याला हात लावत नसे, आणि लग्नाची गाडी म्हणून इवाई आपल्या बहिणीला पूजेला घेऊन आला. या आत्याबाई. लुगडं वर खोचलेलं, हातात ताट, आवाज असा की चौकातल्या ट्रकचा हॉर्न लाजावा. त्या आल्या तेव्हा मी चुलीपाशी होते आणि मिस्त्री पूजेसाठी नवी बनियन घालायला आणि ताजी पावडर लावायला गेला होता. पूजेलाही पावडर! तो परत आला, गाडीच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुशीत आला. "पाहा भाभी, पाहा! काल रात्रीपेक्षा आज जास्त चमकते. मेण असं मुरते."

आत्याबाईंनी कुंकवाचं बोट टेकवलं, नारळ फुटला, सगळ्यांना खोबरं मिळालं आणि मिस्त्री कामाला लागला. थर चढले, वाळले. साचा पुन्हा वाकडा होऊ नये म्हणून त्यानं पाठीवर बांबूची चौकट आडवी-उभी चिकटवली. काय मजबूत झाला होता! हत्ती उभा केला असता तरी वाकला नसता.

मग काढायची वेळ आली. त्यानं बुडावर टिचकी मारावी तशा दोन टिचक्या मारल्या. "निघते का?"

नाही निघालं.

लाकडी पाचरी ठोकल्या. फटीतून पाणी सोडलं. रबराच्या हातोडीनं सगळीकडून ठोकलं. दोरी लावून चौकातल्या चार माणसांनी ओढलं, तर अख्खी गाडी पुढे आली आणि माझ्या पाण्याच्या पिंपाला लागली. साचा जागचा हलला नाही. गाडीच्या तोंडावर दुसरं तोंड, ते बसलं ते बसलंच. तुझी नणंद दर घटकेला शेडाच्या दारात. "मिस्त्रीकाका, निघालं का?" आणि तो, जो उभ्या जगाला हाच प्रश्न विचारत फिरायचा, तो तिच्याकडे न पाहता म्हणायचा, "निघन बेटी." त्या दिवशी तो जेवायला आला आणि वाटी मागितली नाही. ताटातला भात तसाच कालवून खाल्ला. तेव्हा मला खरी भीती वाटली.

लग्नाच्या आदल्या दिवशी इवाई आला, तो सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊनच. मागे आत्याबाई.

"सरका," इवाई म्हणाला. "उचकटून काढतो."

मिस्त्री गाडीच्या तोंडाला दोन्ही हात पसरून चिकटला. "सब्बल लावली त दोन्ही फुटतीन. साचाही जाईन, तोंडही जाईन. मंग तुमच्या दोन्ही गाड्या बिनतोंडाच्या."

"मंग करू काय? असली गाडी घेऊन येऊ वरातीत? लोक हसतीन! मी चाललो घरी. दिवाळीनंतर पाहू."

तुझी नणंद दारात. तिचे डोळे असे भरलेले. मी तुझ्या सासऱ्यांकडे पाहायला गेले, तर तिथं नुसती खाट.

मिस्त्री सांगत होता, एकामागून एक. मेण नकली आलं असेल. उकाडा फार होता. रेझिन जास्त तापलं असेल. "मी माझ्या हातानं मेण लावलं जी, दिवसभर लावलं, असं कसं चिकटन?"

"कोणतं मेण?" आत्याबाईंनी विचारलं. "ते चिकट-चिकट, धुरकट होतं ते?"

"हव."

"ते त मी राखेनं घासून काढलं ना! भांडी घासायची राख घेतली अन् चांगलं खसाखसा घासलं. लग्नाच्या गाडीचं तोंड असं तेलकट ठेवतात का जी? कुंकू कायले लावू मंग, तेलावर?"

इवायाचा सब्बलवाला हात खाली आला. त्याच्या स्वतःच्याच बहिणीनं केलं म्हटल्यावर ओरडणार कोणावर? मला वाटलं, आता मिस्त्री आत्याबाईंवर फुटणार. त्यानं चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला.

"आत्याबाईची चूक नाही," तो म्हणाला. "त्यायनं घाण दिसली, पुसली. मी सकाळी पाहिलं, चमकत होतं. हात फिरवून पाहाले पाहिजे होता. नाही फिरवला. मले वाटलं, माझ्याच हाताची कमाल."

आणि खाली बसला. त्या पांढऱ्या तोंडावर घामाचे ओघळ उतरले होते, जणू पावसात भिजलेली भिंत. मला त्याची इतकी दया आली, आणि माझ्या पोरीची त्याहून जास्त. त्या घाईत तोंडातून निघून गेलं, ठरवून नाही बोलले मी:

"इवाईबुवा, नवरदेवाले बाशिंग लागते ना? मंग गाडीले काऊन नाही? राहू द्या तसंच. सजवून देतो आम्ही."

इवायानं माझ्याकडे पाहिलं. मिशा हलल्या. तो काही बोलणार, इतक्यात आत्याबाई खो-खो हसत सुटल्या. "बाशिंग! अरे भाऊ, खरंच बाशिंगच दिसते! बांबू पाहा कसे कळसावानी! सौंदडात कोणाच्या गाडीले आहे का असं? फक्त तुह्याच गाडीले!"

हे शेवटचं वाक्य बरोबर जागी लागलं. फक्त तुझ्याच गाडीला, म्हटल्यावर इवायानं सब्बल भिंतीला टेकवली. पण हट्टी माणूस, एवढ्यानं कसा सुटेल? "अन् दुसरी गाडी? ते काय बिनतोंडाची येईन?"

मिस्त्री उठला, कोपऱ्यातून ते लकवा मारलेलं तोंड ओढून आणलं. "हे बांधून देतो. एका दिवसासाठी."

मग काय, त्या रात्री मी, तुझी नणंद आणि शेजारणी मिळून आम्ही त्या बांबूंना आंब्याची पानं, झेंडू आणि रंगीत कागद बांधले. नवरी स्वतःच्या वरातीची गाडी सजवते आहे, असं कुठं पाहिलं आहेस?

दुसऱ्या दिवशी गाड्या सौंदडला जाऊन वऱ्हाड घेऊन निघाल्या. सगळं मला आत्याबाईंनी नंतर सांगितलं. मिस्त्री पुढच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला, खिडकीतून अर्धा बाहेर, हातात लोटा. वाटभर त्या फटीत पाणी सोडतोय. बायकांना वाटलं काहीतरी विधी आहे. एकीनं त्याला विचारलं, "हे कोणत्या देवाचं जी?" तो म्हणाला, "फायबरचं." तिनं हात जोडले. ऊन असं की डांबर पायाला चिकटावं, आणि रस्त्याचं काम चाललेलं, खड्ड्यावर खड्डा. दर खड्ड्याला हा ओरडायचा, "जोरात घ्या! जोरात घ्या!" आणि आतले वऱ्हाडी याच्या नावानं बोटं मोडत होते.

मी मांडवाच्या तोंडाशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी. बँड वाजतोय. समोरून दोन गाड्या येताहेत. पुढची बाशिंग बांधलेली, मागची वाकडं हसणारी. सूनबाई, मी आयुष्यात खूप वराती पाहिल्या, पण गाडीच्या चेहऱ्यावर लग्नाचे सगळे भाव पाहिले ते त्याच दिवशी. बघे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. एकही माणूस हसला नाही. उलट एक जण दुसऱ्याला विचारत होता, "असं कुठं करून भेटते रे?"

मांडवापुढे नळासाठी नाली खोदली होती, वरून नुसती माती लोटलेली. गाडीचं पुढचं चाक तिच्यात धप्पकन बसलं. आणि आवाज आला. कड्! मग लांबच लांब, कर्रर्र. बँडवाला थांबला. मिस्त्रीनं लोटा फेकला, खिडकीतून उडी मारली, गाडीपुढे आला आणि हात पसरून उभा राहिला, पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकरापुढे राहतात तसा. साचा वरून सुटला, वाकला, आणि झेंडू, आंब्याची पानं, बांबू सगळ्यांसकट त्याच्या अंगावर आला. हा आडवा. वरून साचा, खालून दोन पाय.

"मेला!" आत्याबाई ओरडल्या.

खालून आवाज आला, "निघालं!"

चौघांनी साचा उचलला तेव्हा तो तिथंच पडल्या पडल्या साच्याच्या आतून हात फिरवत होता. अंगावर ओरखडे, पावडर कुठं, चष्मा कुठं. गाडीचं तोंड मागे आरशासारखं झळझळत होतं, कुठं एक चीर नाही. इवाई गाडीकडे धावला. मिस्त्री साच्याकडे. मी माझ्या पोरीकडे पाहिलं. ती घराच्या खिडकीतून हे सगळं पाहून इतकी हसत होती की तिच्या मुंडावळ्या नाकावर आल्या. नवरदेव गाडीतून उतरला, आणि आधी तिच्या हसण्याकडेच पाहिलं त्यानं. तेव्हाच माझं मन शांत झालं.

पंगतीत इवायाच्या समोरच मिस्त्री बसला. वाटी मागितली. तूप फिरवलं, काठापर्यंत. भात भरला, वाटी पालथी केली, टिचकी मारली. इवाई हातातला घास खाली ठेवून पाहत होता. मूद निघाली, एक शीत मागे नाही. इवायानं वाढप्याला हाक मारली, "अरे, एक वाटी मलेही आण. अन् तूप जास्त आण." हेकट माणूस भाताची मूद पाडायला बसला, आणि दोनदा बिघडली त्याची! मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाला, "भाभी, आकडा होता. पण लहान होता."

लग्नानंतर त्याच साच्यातून दुसऱ्या गाडीचं तोंड झालं, अगदी जुळं. मग तशाच गाड्यांची कितीतरी तोंडं त्यातून निघाली. आणि गंमत सांगू? आत्याबाईंनी राखेनं घासलं होतं ना, तेव्हा डाव्या दिव्याखाली त्यांच्या हाताचे गोल-गोल ओरखडे उठले होते. ते साच्यात उतरले. साच्यातून दर तोंडावर उतरले. मिस्त्रीला ते घासून काढता आले असते. मी म्हटलंही. तो म्हणाला, "राहू द्या भाभी. सही आहे ते त्यायची." पुढे कितीतरी वर्षं या रस्त्यानं मिनीबस गेली की मी डाव्या दिव्याखाली पाहायची. उन्हात ते ओरखडे दिसायचे. आत्याबाई आता नाहीत, पण त्यांच्या हाताची ती घासणी अजूनही एखाद्या गाडीवर वडशाकडे धावत असेल.

पुढे कंपनीची तयार तोंडं मिळायला लागली. मिस्त्रीचं काम कमी झालं. एक दिवस तो निघाला, कुठं म्हणून विचारलं तर म्हणाला, भिलाई. की जबलपूर म्हणाला, देव जाणे. जाताना ही एकच वस्तू माझ्याकडे ठेवली. "उन्हात नका ठेवू भाभी, वाकडी होईन. अन् पालथीच ठेवा." म्हणून आम्ही चौकातून घरी आलो तेव्हा ती गोठ्याच्या सावलीत आली, पालथी. कोंबड्या घाण करतात, खरं आहे तुझं. मी धुते अधूनमधून.

भंगारवाला दर आठवड्याला आवाज देतो. मी त्याला सांगून ठेवलं आहे, आमची सूनबाई येऊ दे, ती काय म्हणते पाहू. तेव्हा तू एक कर. धान कापून झालं की दोघं या. नवऱ्याला सुट्टी नसली तर एकटी ये, सौंदड स्टेशनवर नणंद उतरवून घेईल तुला. आली की तो साचा आपण दोघी मिळून उताणा करू, आणि डाव्या बाजूला आत हात घालून बघ, गोल-गोल लागतं का बोटाला. मग तू म्हणशील तसं. नव्या तांदळाचा भात करीन, तूप आहेच, वाटी तू आण तुझ्या आवडीची. लवकर ये बाई, वाट पाहते.